नात्याचा रकाना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘नात्याचा रकाना’ असे सांगितले. चालकांना वाटले, कामगार चळवळीतला माणूस आहे, रेशनकार्डाबद्दल बोलणार असेल. त्यांचे फारसे चुकले नाही. रेशनकार्ड, बँकेचे खाते, फंडाचा फॉर्म, रुग्णालयात भरती करतानाचा कागद, यांच्याबद्दलच मला बोलावयाचे आहे. मात्र या कागदांसमोर जी माणसे उभी राहतात त्यांपैकी ज्यांचा उल्लेख आपल्या सभांतून सहसा होत नाही, अशांच्या संबंधाने बोलावयाचे आहे. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया नवराबायकोसारखा एकत्र संसार करतात, ती ही जोडपी. वर्तमानपत्रे त्यांना समलिंगी जोडपी म्हणतात. मीही तोच शब्द वापरीन.

मी वकील नाही. नववीत शाळा सुटली, यंत्रमागावर कांड्या भरू लागलो, पुढे युनियनच्या कचेरीत झाडलोट करता करता फॉर्म भरावयास शिकलो आणि तीस वर्षे दुसऱ्यांचे फॉर्म भरीत आलो. कायद्याची पुस्तके मी वाचली ती अमक्या रकान्यात काय लिहावे एवढे कळावे म्हणून. आजचे विवेचन त्याच पातळीवरचे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा विषय पुण्या-मुंबईचा, माधवनगरात त्याचे काय काम, असे कोणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी एक हकीगत.

या बाजूच्या एका सूतगिरणीत दोघे कामाला होते. नावे सांगत नाही, गिरणीही सांगत नाही. एक सीमेपलीकडच्या गावचा, कानडी-मराठी मिसळून बोलणारा, दुसरा इकडचाच. दोघांनी मिळून एक खोली घेतली आणि एकोणीस वर्षे तीत काढली. पाळी एकच मिळावी म्हणून त्यांची सदा खटपट चाले. एकाला रात्रपाळी लागली की दुसरा डबा घेऊन गेटपर्यंत जाई. चाळीत त्यांना मावसभाऊ म्हणत. तसे कोणी ठरविले ठाऊक नाही, पण ते सगळ्यांच्या सोयीचे होते. मला काही कळत नव्हते असे नाही. चाळीलाही कळत होते. कळलेले बोलावयाचे नाही, हा आपल्याकडचा एक शेजारधर्म आहे, आणि तो अगदीच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या आडोशाला ती दोन माणसे एकोणीस वर्षे सुखाने राहिली.

त्यांतल्या थोरल्याने एक दिवस माझ्यापुढे फंडाचा नामनिर्देशनाचा फॉर्म ठेवला. म्हणाला, “अण्णा, माझं काही बरंवाईट झालं तर पैसे ह्यालाच मिळाले पाहिजेत.” मी नाव लिहिले. पुढचा रकाना होता ‘सभासदाशी नाते’. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले. मग मी माझ्या हाताने तेथे ‘मावसभाऊ’ असे लिहिले. वाटले, कारकून काही विचारणार नाही, काम उरकेल.

२०१६ साली थोरला कामावरच छातीत कळ येऊन पडला. धाकट्याने त्याला रिक्षात घालून एका रुग्णालयात नेले. खिडकीवर पहिला प्रश्न आला, “पेशंट कोण लागतो तुमचा?” हा म्हणाला, मावसभाऊ. “सख्खं कोणी नाही का? त्यांना बोलावून घ्या.” सख्खा भाऊ दीडशे किलोमीटरवर होता. तो येईपर्यंत याला आत सोडले नाही, डॉक्टर याच्याशी बोलले नाहीत. आगाऊ पैसे मात्र याच्याकडूनच भरून घेतले. पहाटे थोरला गेला. अंत्यविधी त्याच्या गावी झाला, तेथे हा मागे पाहुण्यांत उभा होता. आठ दिवसांनी भाऊ टेम्पो घेऊन आले आणि कपाट, पंखा, शेगडी घेऊन गेले. खोलीचा करार थोरल्याच्या एकट्याच्या नावावर होता, तेव्हा अनामतही त्यांनीच नेली. फंडाचा फॉर्म मी मोठ्या विश्वासाने पाठविला होता. तो परत आला. मावसभाऊ कुटुंबात मोडत नाही, सभासदाची आई हयात आहे, सबब नामनिर्देशन ग्राह्य नाही. पैसे आईच्या नावे गेले. त्या म्हातारीबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढे २०१८ च्या सप्टेंबरात धाकटा कचेरीत आला. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते, सुप्रीम कोर्टाच्या निकालाचे. ते टेबलावर पसरून त्याने विचारले, “अण्णा, आता तो फॉर्म परत भरता येईल का?” गेलेल्या सभासदाचा फॉर्म परत भरता येत नाही, एवढे मी त्याला सांगितले. दुसरे जे सांगावयास हवे होते ते त्या दिवशी माझ्याने सांगवले नाही. ते फंडाचा विषय येईल तेव्हा सांगेन.

या हकीगतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या दोघांना एकोणीस वर्षांत कोणी दुकानातून हाकलले नाही, खोली नाकारली नाही, वाण्याने उधारी बंद केली नाही. परदेशातील बातम्या आपण वाचतो त्या निराळ्या असतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात २००८ साली एका छोट्या हॉटेलच्या चालकांनी दोन पुरुषांना दुहेरी पलंगाची खोली नाकारली. आमच्या धर्मश्रद्धेप्रमाणे ती विवाहित स्त्रीपुरुषांनाच देतो असे म्हणाले. ते दोघे त्या देशाच्या कायद्याने नोंदणी केलेले जोडीदार होते. प्रकरण थेट तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ साली हॉटेलवाले हरले. प्रत्येकी अठराशे पौंड भरपाईचा हुकूम कायम राहिला. अमेरिकेत कोलोरॅडोतील एका केकवाल्याने २०१२ साली दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करण्याचे नाकारले. तेथे २०१८ साली निकाल केकवाल्याच्या बाजूने लागला, पण तो चौकशी करणाऱ्या आयोगाने त्याच्या श्रद्धेचा अनादर केला एवढ्या मर्यादित कारणाने. म्हणजे तिकडे नकार दाराशीच मिळतो आणि भांडणही दाराशीच होते.

आपल्याकडे दोन पुरुष मिरजेच्या स्टेशनाजवळ कोणत्याही लॉजवर गेले तर खोली मिळते. दोन बायकांनाही बहुधा मिळते. उलट अविवाहित स्त्रीपुरुष गेले तर मॅनेजर भुवया उंचावतो. (त्यालाही कायद्याचा आधार नाही, सज्ञान अविवाहित स्त्रीपुरुषांनी एका खोलीत उतरू नये असा कोणताही कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली कोइमतूरच्या एका प्रकरणात सांगितले आहे.) मग समलिंगी जोडप्यांचे आपल्याकडे बरे चालले आहे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे सेवा मिळते, पण एका खोट्याच्या मोबदल्यात मिळते. मित्र म्हणा, भाऊ म्हणा, मैत्रिणी म्हणा, पीजीतल्या पार्टनर म्हणा, आणि आत या. हे खोटे रोज थोडे थोडे द्यावे लागते आणि त्याची पावती मिळत नाही. ज्या दिवशी खऱ्या नात्याची गरज लागते त्या दिवशी खिडकीवरचा माणूस तेच खोटे आपल्यापुढे करतो. तुम्हीच म्हणालात ना मावसभाऊ? मग बाजूला व्हा.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम या माणसांना गुन्हेगार ठरवीत असे. त्याची भीती किती दूरवर पोचत होती याचे एक मराठी उदाहरण आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचे प्रश्नही असत. अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३४ साली कर्व्यांवर खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, दंड झाला. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हाच तेथे गुन्हा ठरला होता. या ३७७ व्या कलमाविरुद्ध २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ठरविले की सज्ञानांचे परस्पर संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. धाकट्याच्या हातातले कात्रण ते हेच.

गुन्हा नाही म्हणजे नाते आहे असे मात्र होत नाही. लग्नाची मान्यता मागणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, हा प्रश्न कायदेमंडळाचा. पाचांपैकी तिघांनी लग्नाव्यतिरिक्त दुसऱ्या एखाद्या जोडबंधनाला मान्यता देण्यासही नकार दिला. पण सरकारतर्फे न्यायालयात एक आश्वासन देण्यात आले होते, की कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या जोडप्यांच्या व्यवहारातील अडचणी पाहू. ती समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यातून त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काही पत्रके निघाली. लग्नाच्या निकालावर महिनाभर मथळे आले, या पत्रकांवर कोपऱ्यात चार ओळी आल्या. मला स्वतःला मथळ्यापेक्षा त्या चार ओळी अधिक कामाच्या वाटल्या, कारण त्या थेट खिडकीसाठी होत्या.

त्यांतले पहिले बँकेचे. केंद्रीय अर्थखात्याच्या वित्तीय सेवा विभागाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केले की समलिंगी व इतर अशा व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास कोणतीही आडकाठी नाही, तसेच जोडीदाराला नामनिर्देशित करण्यासही नाही. रिझर्व्ह बँकेनेही सर्व अनुसूचित व्यापारी बँकांना तेच कळविले. माझे म्हणणे असे, की ही मुभा नवी नव्हतीच. संयुक्त खाते उघडणाऱ्यांनी एकमेकांचे नातेवाईक असले पाहिजे असे बँकिंग कायद्यात कधीच नव्हते; दोन भागीदार उघडतात, दोन मैत्रिणी उघडतात. नामनिर्देशन कोणाही व्यक्तीचे करता येते, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. ‘नाते’ हा फॉर्मवरचा रकाना माणूस ओळखण्यापुरता होता. खिडकीवरच्या सवयीने त्याची अट केली. पत्रकाने एवढेच केले की ती सवय म्हणजे कायदा नव्हे हे कागदावर आणले. बँकेने तरीही नकार दिला तर प्रथम बँकेकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही. एक इशारा मात्र दिला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, आणि त्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली येत नाहीत. तेथे हे पत्रक दाखविले तर व्यवस्थापक म्हणेल, आमचा याच्याशी संबंध नाही. तेथे संस्थेचे पोटनियम मागून पाहावेत.

दुसरे रेशनकार्डाचे. अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळविले की अशा जोडीदारांना रेशनकार्डाच्या कामी एकाच घरातील धरावे. रेशनकार्ड लग्नाचा दाखला पाहत नाही, चूल पाहते. एका चुलीवर जेवणारे ते एक घर. हा विचार आपल्याला समजावयास कठीण जाऊ नये. याच जिल्ह्यात १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये काम उभे केले. अशा स्त्रियांजवळ पत्त्याचा पुरावा नसतो म्हणून त्यांना रेशन नाकारले जाते, हे देशभरचे दुखणे होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना रेशनकार्डे व मतदार ओळखपत्रे देण्याचा आदेश दिला. म्हणजे रकान्यात न बसणारी माणसे पुरवठा खात्याच्या खिडकीने पूर्वी पाहिलेली आहेत.

तिसरे रुग्णालयाचे, आणि येथे मी थोडा थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज येथे आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळविले की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देता यावा. वाचून अंगावर काटा येतो. जिवंतपणी भेटू देण्याच्या आधी मेल्यावर नेऊ देण्याचा कागद निघाला. तरी तोही नव्हता, तो झाला, हे मान्य केले पाहिजे.

पण जिवंतपणीचे काय? रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तर उपचाराची संमती त्याची स्वतःची. बाप, नवरा, भाऊ यांची सही त्याच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिल्लीच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले. तेथे रुग्ण स्त्री भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती. न्यायालय म्हणाले, ती संमती नव्हेच. आणि जीव वाचविण्याची घाई असेल तर कोणाचीच सही लागत नाही. उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे, असे त्याच न्यायालयाने १९८९ साली सांगून ठेवले आहे. तेव्हा ‘सख्ख्याला बोलवा’ हे पुष्कळदा कायद्यासाठी नसते. बिलासाठी आणि पुढच्या भांडणाच्या भीतीने असते. ती भीती खोटी नाही; नातेवाईकांनी दवाखान्याच्या काचा फोडल्याचे आपण सर्वांनी वाचले आहे. म्हणून त्या भीतीवर कागदाचाच उपाय करावा. आपण बरे असताना, माझ्या प्रकृतीची माहिती अमक्या व्यक्तीस द्यावी, तिला मला भेटू द्यावे, असे स्वतःच्या सहीने लिहून प्रत खिशात ठेवावी आणि भरती होताना केसपेपरला लावण्यास सांगावी. शेवटच्या आजारातील निर्णयांसाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश करता येतो. २०२३ साली त्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो होतो, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात घालता येतात.

आता फंड. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत कुटुंबाची व्याख्या आहे. पुरुष सभासदाच्या बाबतीत बायको, मुले, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील आणि मृत मुलाची विधवा व मुले. कुटुंब असेल तर नामनिर्देशन त्यांच्यापैकीच कोणाचे तरी करावे लागते, दुसऱ्याचे केले तर ते रद्द. कुटुंब नसेल तर कोणाही व्यक्तीचे करता येते. पुढे कुटुंब झाले तर ते आपोआप गळून पडते. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यातही हीच रीत होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती पुढे चालविली.

या व्याख्येत ‘अवलंबून असलेले’ हे दोन शब्द आहेत. थोरल्याची आई थोरल्यावर अवलंबून नव्हती. तिला नवऱ्याच्या मागे निवृत्तिवेतन होते, ती दुसऱ्या मुलाकडे राहत होती, शेत होते. म्हणजे फॉर्म भरला त्या दिवशी थोरल्याला ‘मला योजनेच्या अर्थाने कुटुंब नाही’ असे लिहून देऊन धाकट्याचे नाव देता आले असते, आणि नात्याच्या रकान्यात ‘मित्र’ किंवा ‘सहनिवासी’ हे खरे लिहिता आले असते. ते टिकलेच असते असे मी छातीठोक सांगत नाही, पण भांडावयास जागा तरी राहिली असती. मी मात्र ‘मावसभाऊ’ लिहिले, कुटुंब नाही हे लिहिलेच नाही, आणि भांडण्याची जागा माझ्या हाताने बुजविली. खोट्याने त्यांना एकोणीस वर्षे आडोसा दिला होता, म्हणून मी समजलो की ते फॉर्मवरही चालेल. तो परिच्छेद मी पूर्ण वाचला तो फॉर्म परत आल्यावर. हे मी धाकट्याला सांगितले ते २०१८ साली नव्हे, त्यानंतर दोन वर्षांनी. तो काही बोलला नाही. चहा झाल्यावर गेला. अजून येतो, फॉर्म माझ्याकडूनच भरून घेतो. मात्र भरून झाला की आता एकदा स्वतः वाचतो.

नामनिर्देशनाविषयी आणखी एक गोष्ट, जी लग्न झालेल्यांनाही ठाऊक नसते. नामनिर्देशित माणूस पैसे हातात घेतो, पण बहुतेक ठिकाणी तो मालक नसून वारसांचा विश्वस्त असतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली असे ठरविले. २०१५ च्या दुरुस्तीने विम्यात आईवडील, पतिपत्नी आणि मुले यांना खऱ्या मालकीचा हक्क मिळाला, पण जोडीदार त्या यादीत नाही. शेअर्सबाबतही २०२३ साली तेच ठरले. हिंदू वारसा कायद्यात जोडीदाराचे नाव कोणत्याही वर्गात नाही. पुतण्या आहे, चुलता आहे, तो नाही. तेव्हा मृत्युपत्र केल्यावाचून गत्यंतर नाही. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस, त्याची सही आणि ती होताना पाहणारे दोन साक्षीदार पुरतात. ज्याला द्यावयाचे त्यालाच साक्षीदार करू नये, नोंदणी करून ठेवल्यास बरे. मुसलमान बांधवांना त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे सामान्यतः एक तृतीयांशाची मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवावे. खोलीचा करार दोघांच्या नावे करावा. त्याला फार तर नोंदणीच्या वेळी एक सही जास्त लागते.

जिवंतपणी एकमेकांना द्यावयाचे तरीही अडचण आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने नवराबायकोतील भेटीवर घेणाऱ्याला कर लावला नाही, परंतु नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात पन्नास हजारांहून अधिक मिळाले तर ते उत्पन्न धरले. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्याने याला आव्हान दिले आणि न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की लग्न हा कुटुंब होण्याचा एकमेव मार्ग नाही. हे वारे कोणत्या दिशेचे आहे ते दिसते; पाऊस केव्हा पडेल ते मी सांगू शकत नाही.

सरकारी खिडक्यांविषयी एवढे झाले. खाजगी दुकानदार, घरमालक, छायाचित्रकार, मंगल कार्यालयवाला यांचे काय? घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम सांगते की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांनी कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी यांपासून अडवता येणार नाही. महाडच्या पाण्याचा इतिहास त्या कलमाच्या मागे आहे. घटनासमितीत १९४८ साली ‘दुकान’ म्हणजे काय असा प्रश्न निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी फार व्यापक अर्थ सांगितला: जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा देण्यास बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान. माझ्या वडिलांच्या पिढीने हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी पाहिली आहे, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. आता ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कल येतो असे २०१८ च्या निकालातील न्यायमूर्तींपैकी काहींनी म्हटले आहे. तत्त्व झाले. पण अस्पृश्यतेच्या मागे १९५५ चा शिक्षेचा कायदा उभा राहिला. तृतीयपंथी व्यक्तींना सेवा नाकारण्यास मनाई करणारा कायदा २०१९ साली झाला. समलिंगी जोडप्यांसाठी असा दात असलेला कायदा झालेला नाही. घटनेचे कलम घेऊन उच्च न्यायालयात जाता येते, पण खोली नाकारली म्हणून माधवनगरहून कोल्हापूरला कोर्टाच्या पायऱ्या चढावयास कोण जाणार?

ग्राहक आयोगात जा, असे सांगणारे भेटतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सांगलीला जिल्हा आयोग आहे, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण त्या कायद्याचा ग्राहक म्हणजे ज्याने पैसे दिले किंवा देण्याचे ठरले असा माणूस. दारातच नकार मिळाला, पैशाचा व्यवहार झालाच नाही, तर तो ग्राहक ठरणे अवघड. म्हणून मी सांगत असतो, आधी आगाऊ रक्कम द्या आणि पावती घ्या. कार्यालयवाल्याने पैसे घेतले, मग जोडपे पाहून तारीख रद्द केली, तर ती सेवेतील उणीव म्हणून मांडता येते.

शेवटी खिडकीच्या आत बसलेल्या माणसाविषयी. तो आमच्याच चळवळीतला, कुठल्या ना कुठल्या युनियनचा सभासद. बँक कर्मचारी, परिचारिका, पुरवठा कचेरीतला कारकून यांच्या सभांतून मी हा विषय दोनतीनदा काढला. एक बाई म्हणाल्या, “आम्हाला वाईट वाटतं हो, पण वरून लेखी नसलं तर उद्या चौकशी आमची लागते.” अगदी बरोबर आहे. म्हणून बाहेरच्याने आवाज चढवू नये; पत्रकाची प्रत आणि अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर पोच घ्यावी, आणि नकार असेल तर शांतपणे म्हणावे, “ताई, कारणासहित लेखी द्या.” निम्म्या वेळा नकार लेखी होत नाही आणि काम होते. सरकारी कचेरी असेल तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने विचारावे की नात्याची ही अट कोणत्या नियमात आहे, त्याची प्रत द्या. ती प्रत पुष्कळदा मिळत नाही, कारण तसा नियमच नसतो.

गेल्या पावसाळ्यात दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या, दोघी कमावत्या. एका बँकेत त्यांना बहिणी म्हणून खाते उघडा असा प्रेमळ सल्ला मिळाला होता. आडनावे वेगळी आहेत तर एकीचे लग्न झालेले दाखवा, इथपर्यंत. मी त्यांना सल्ला दिला की खोटे नाते लिहू नका, ‘जोडीदार’ लिहा, आणि ते लिहिण्याची तयारी नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. त्यांनी आपसांत थोडे बोलून रकाना रिकामा ठेवला. खाते उघडले. घरी कळावे की नाही हा प्रश्न त्यांचा आहे, बँकेचा नाही आणि माझाही नाही.

संयुक्त खात्याचा अर्ज, रुग्णालयासाठीचे पत्र, रेशनकार्डाचा अर्ज आणि लेखी नकार मागण्याचे पत्र, असे चार मसुदे मी मराठीत तयार केले आहेत. ते सभागृहाच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना स्वतःसाठी किंवा आणखी कोणासाठी हवे असतील त्यांनी न्यावेत. टेबलापाशी कोणाला बसविलेले नाही आणि नावे लिहून घेण्याची वहीही ठेवलेली नाही.